माणसाचं प्रोटीन

कराडच्या एका प्रयोगशाळेत मी काम करते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना जगायला एक प्रोटीन लागतं, ते आम्ही तिथंच तयार करतो. हे प्रोटीन कसं बनवायचं याची सूचना माणसाच्या शरीरात असते. तिची नक्कल जंतूंमध्ये घालायची आणि त्यांच्याकडून ते बनवून घ्यायचं. कुणा माणसाच्या अंगाला हातही लावावा लागत नाही. पण नळीवर 'मानवी' असं लिहिलेलं असतं, आणि त्या एका शब्दानं माझं ठरलेलं लग्न मोडलं.

स्थळ सांगलीचं होतं. हळदीचे व्यापारी, आमच्यासारखेच जैन. साखरपुड्याच्या आधी मुलाची आई म्हणाली, "सून काम करती ती जागा बघू तर दे." मला अप्रूप वाटलं. मी त्यांना आत नेलं, फ्रीजरमधली एक बारकी नळी काढून तळहातावर धरली.

"काय हाय हे?"

"माणसाचं प्रोटीन, काकू."

"माणसाचं?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता, तरी बाहेर आल्यावर नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. तेव्हा मला हसू आलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मध्यस्थाचा निरोप आला: जमणार नाही. कारण त्यानं सांगितलं नाही, ते आईला मंदिरात कळलं. काकूंनी सगळीकडं सांगितलं होतं, "पोरगी माणसाचं मांस हाताळती." गावच्या बायका आईशी बोलायच्या, पण जरा लांबून. त्या वर्षी पर्युषणाचे उपास संपल्यावर शेजारणीच्या पारण्याला आई पेज घेऊन गेली. शेजारणीनं गोड बोलून भांडं ओट्यावर ठेवून घेतलं आणि संध्याकाळी पेजेसकट परत पाठवलं. आईनं ती पेज म्हशीपुढं ओतली. रडली नाही. मला मात्र त्या दिवसापासून काकू विसरता येईनात. त्या मुलाचा चेहरासुद्धा आता नीट आठवत नाही, पण त्याच्या आईला काय बोलायचं ते मी एसटीत, अंघोळीला, जेवताना घोकत असे.

वेळ यायला काही वर्षं गेली. यंदा सांगलीत नात्यातल्या एका लग्नाला आम्ही गेलो. दुपारच्या पंगतीत समोरच काकू. बऱ्याच वाळल्या होत्या. आजूबाजूला आईशी लांबून बोलणाऱ्या त्याच बायका. ताट वाढून झालं तशी त्यांनी पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं आणि लुगड्याचा पदर सरकवला.

"साखर झाली व्हय, काकू?" मी मोठ्यानं विचारलं.

"झाली की गं. हे घेतल्याबिगर घास खाता येत न्हाई."

"काय असतं त्यात, ठाऊक हाय?"

"औषध. दुसरं काय असणार?"

"माणसाचं प्रोटीन," मी म्हणाले. "मी तुम्हाला नळीत दाखवलं होतं तसलंच. फक्त ते पेशींसाठी होतं, हे तुमच्यासाठी हाय. दोन्ही जंतूंकडूनच करून घेत्यात."

पंगतीतले हात थांबले. वाढपीसुद्धा थांबला. काकूंच्या शेजारची बाई किंचित बाजूला सरकली, आणि ते सरकणं मी डोळे भरून पाहिलं.

"खोटं बोलतीस."

"डॉक्टरला विचारा. पूर्वी हे डुकराच्या न् गाईच्या पोटातनं काढायचे. त्यापरीस हे बरंच म्हणायचं."

काकू पेनकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ते जंतू... मरत असत्याल?"

हा प्रश्न मी घोकलेल्यात नव्हता. "मरतात," मी म्हणाले. "फोडावेच लागतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी वाकून ते उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. "घ्या काकू. न घेऊन चालायचं न्हाई." त्यांना काही व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. त्या खूप जगाव्यात, आणि दर जेवणाआधी त्यांना मी आठवावी, एवढंच हवं होतं. त्यांनी सुई टोचली. माझ्या शेजारी आईनं खाली मानेनं जेवण चालूच ठेवलं होतं. तिनं वाढप्याला हाक मारून आणखी एक जिलेबी मागितली.

काही दिवसांनी काकूंच्या सुनेचा फोन आला. माझ्या जागी जी आली, ती.

"ताई, सासूबाई रोज इंजेक्शन घेताना तुमच्या नावानं बोटं मोडतात. ते शुद्ध असतंय असं एकदा सांगा की त्यांना."

"सांगितलं ते खरंच आहे," मी म्हणाले. "बोटं मोडू देत. इंजेक्शन तेवढं चुकवू देऊ नका."

फोन ठेवला आणि पेशींना प्रोटीन घालायला बसले. दिवसभर मला फार बरं वाटत होतं.