कॅसेटी तिच्या होत्या

दर रविवारी माझ्या पडवीत दोन शिकलेली माणसं येऊन भांडायची. एक बँकेतला कारकून, पुण्याकडचा, बदली होऊन रत्नागिरीत आलेला. दुसरा इथलाच, आंब्याच्या बागायतदाराचा मुलगा, कॉलेजात शिकवणारा. दोघंही तिशीच्या आतबाहेर. भांडण हेवी मेटल या गाण्यांवरून. ऐंशी सालानंतरच्या चार-पाच वर्षांत विलायतेत अशा किती कॅसेटी निघाल्या, कोणी त्यांना विचारलं नाही, आणि त्यातली खरी मोठी कुठली, हा वाद. गाजलेल्या कॅसेटी त्यांना नकोत. "त्या काय हो काका, सगळ्यांनाच ठाऊक," म्हणायचे. त्यांना पडेल माल पाहिजे. तो आमच्या घरात होता, पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या पिंपाशेजारी.

मी चौथी नापास. बोटीवर इंजिनात तेलवाला होतो. या गाण्यांचा आणि माझा संबंध एवढाच, की मी ती वाहून आणली. ऐकणारी माझी बायको. ती गेली त्याला दोन पावसाळे झाले. हे लिहायला बसलोय ते रागाने. दुःखाने बसलो असतो तर पहिली ओळसुद्धा झाली नसती.

त्र्याऐंशी साली एका विलायती बंदरात आमचा गोरा फिटर नोकरी सोडून उतरला. जाताना त्याने कॅसेटींची थैली माझ्या हातात दिली. रोज त्याच्या टेपसमोर मी उभा राहायचो, म्हणून त्याला वाटलं मला गाणी आवडतात. मी उभा राहायचो कारण त्या जागी पंख्याचा वारा लागायचा. इंजिनात उभं राहिलेल्या माणसाला घरी येऊन पुन्हा तोच खडखडाट कशाला हवा? थैली घरी आणून टाकली आणि पुढच्या बोटीवर गेलो.

घरात तेव्हा आई होती. आम्हाला मूल झालं नाही. आईची जीभ चुलीबरोबर सकाळी पेटायची ती दिवेलागणीपर्यंत. बायको उलट कधी बोलली नाही. बोलणार कोणाच्या जिवावर? नवरा वर्षाचे नऊ महिने पाण्यावर. आई पालीच्या बाजाराला गेली की ही टेप लावायची. मी सुट्टीवर आलो तर बघतो, ही विळीवर बसून बांगडे साफ करतेय आणि टेपवर तो गोरा नरडं फाडतोय.

"गो, हे काय लावलंस? शेजारी म्हणतील बोकड कापतायत."

"म्हनूंदेत. अवो, ह्या बापयाला कोन तरी लय बोललंय. पन ह्यो गप ऱ्हायला नाय."

एवढंच बोलली. मी पुढे विचारलं नाही.

इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून तिने वरच्या चित्रांवरून नावं ठेवली. हाडांचा सापळा गाडी हाकतोय, तो 'टांगेवाला'. काळ्या कागदावर लाल ठिपका, ते 'कुंकू'. पडक्या कारखान्याचं चित्र, ती 'गिरण'. गिरण तिची सगळ्यात आवडती. पावसाळ्यात आमच्याकडे चपलेलासुद्धा बुरशी येते. कॅसेटीच्या फितीला तर येतेच. पावसाळ्याआधी आगोटीची भरणी करताना ही कॅसेटी पापडांबरोबर उन्हात काढायची, मग फडक्यात गुंडाळून डब्यात, वर कोळशाची पुरचुंडी. रविवारच्या त्या दोघांच्या कॅसेटी बुरशीने एकेक करून गेल्या. हिच्या राहिल्या.

अठ्ठ्याण्णव साली आई गेलेली होती, मीही बोट सोडून घरी बसलो होतो, तेव्हा एकदा तो कारकून सायकलने भाट्याला निघाला होता. आमचं घर रस्त्यालगत. खिडकीतून गिरण ऐकली, सायकल कुंपणावर टाकून आत आला आणि टेपजवळचं खोकं उचलून नाव वाचलं.

"काका, ही तुमच्याकडे कशी? मी हिच्याबद्दल नुसतं वाचलंय हो, उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती!"

"माझी नाय. हिची."

त्याने हिच्याकडे बघितलं. हातात बांगडा, मनगटापर्यंत खवले. हसला. "काका, तुम्ही भारी गंमत करता!"

तिथेच त्याला सायकलसकट बाहेर काढायला हवा होता. पण ही म्हणाली, "बसा. चा टाकते."

पुढच्या रविवारी तो कॉलेजवाल्याला घेऊन आला. मग रिवाजच पडला. टेप पडवीत, ते दोघे बाकड्यावर, मी पायरीवर. ही आतबाहेर. त्यांची डोकी एकमेकांवर आपटायची बाकी असायची.

"टांगेवाल्याच्या ड्रमवाल्याला तोड नाही."

"ड्रमवाला? तो ताशा बडवतोय! त्यापेक्षा कुंकू ऐक, कुंकू."

हो, त्यांनीही हिचीच नावं उचलली. दोघांना छापलेली नावं पाठ होती, तरी बोलताना गिरण, कुंकू, टांगेवाला.

एकदा गिरणीची पहिली बाजू लावून दोघे माना हलवत होते. ही कपबशा घेऊन दारात आली आणि म्हणाली, "अवो, दुसरी बाजू लावा. हिकडे नुसता आव हाय. राग तिकडे हाय."

"हो काकू," कॉलेजवाला म्हणाला. "चहात आलं घातलंयत ना?"

महिना गेला असेल नसेल. तोच कॉलेजवाला बाकड्यावर मांडी घालून सांगतोय, "माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या बाजूत केवळ अभिनिवेश आहे. खरा संताप दुसऱ्या बाजूत." कारकून म्हणतो, "वा! हे कधी सुचलं नव्हतं."

मी आत गेलो. "ऐकलंस?"

ती चुलीपाशी हसत होती. "ऐकलं की. माजंच तांदूळ, दळून आणलंन."

"मग बोल ना त्याला."

"कशाला? आपल्या घरात बसून बोलतायत ना? बोलूंदेत."

तिला घरात माणसं हवी होती. ती आली, एवढ्यावर ती खूश होती. मी खूश नव्हतो, पण माझ्या खुशीवर घर चालत नव्हतं.

मग तिला पोटाचं दुखणं निघालं. फार दिवस तिने घेतले नाहीत. बाराव्याला दोघेही आले, जेवले. कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "काकूंच्या हातचं कालवण आता नाही हो मिळणार." मी वाट बघत होतो, आणखी काही बोलेल म्हणून. त्याने भात मागितला.

रविवार चालू राहिले. चहा मी करायचो, भिकार व्हायचा. मग एक दिवस कॉलेजवाला म्हणाला, "काका, तुम्हाला जगप्रसिद्ध केलं." स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मला आणि कारकुनाला घेऊन गेला. जगभरचे लोक तिथे म्हणे असल्या पडेल कॅसेटींवर लिहितात, भांडतात. त्याने आमच्यावर लेख टाकला होता. इंग्रजीतून मराठी करत वाचायला लागला. खाडीकाठी एक वृद्ध खलाशी राहतो. जग फिरून त्याने दुर्मीळ कॅसेटी वेचल्या. त्याचा कान तयार आहे.

"माझा कान? एक इंजिनाने गेलाय, दुसरा आईने."

"लिहिताना तसं लिहावं लागतं, काका."

"आणि ही कुठाय?"

"आहेत की काकू. हे बघा, खाली. 'त्याची पत्नी पाहुण्यांना उत्तम मासे खाऊ घालत असे.'"

 तिच्या नावावर या जगात काय होतं? पोर नाही. घर माझ्या नावावर, रेशनकार्डावर मी वर. एक ही गाण्यांची समज तिची होती, कोणी न शिकवलेली. तीही याने उचलून माझ्या नावावर चढवली होती. मला नको असताना.

"दुरुस्त कर," मी म्हटलं. "ऐकणारी ती होती. नावं तिने ठेवली. राग दुसऱ्या बाजूला आहे, हे बोलली ती."

"ते माझं मत आहे, काका."

"तुझं? ती बोलली तेव्हा तू चहात आलं शोधत होतास."

 मी कारकुनाकडे वळलो. "तू होतास. सांग याला."

कारकून खुर्चीचं चाक पायाने मागेपुढे करत होता. "मला नीट आठवत नाही हो. खूप वर्षं झाली."

शेवटी माझं तोंड बंद करायला कॉलेजवाल्याने तिच्यावर एक ओळ घातली, ऐकणारी ती होती अशी. पुढच्या रविवारी मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "लोकांना विनोद खूप आवडला. कोकणातली मासे साफ करणारी आजी आणि हेवी मेटल! हसून हसून मेले." मग हळूच, "ओळ काढलीय मी. लेखाचं वजन जात होतं."

त्या दिवशी ते गिरण न्यायला आले होते. कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, बाहेरचे लोक मागतायत. मी डबा मांडीवर घेऊन पायरीवरच बसलो.

"न्या. पण आधी म्हणा, कोणाची."

कॉलेजवाल्याने कपाळाला हात लावला. "काका, हा हट्ट आहे. असली चीज तुमच्या डब्यात कुजेल."

"कुजूदे."

"तुम्ही तर ऐकतसुद्धा नाही!"

"नाय ऐकत. मला कधी आवडलीच नाहीत. म्हणून तर सांगतोय."

तो चपला घालून बाहेर गेला, स्कूटरला किका मारायला लागला. कारकून पडवीतच उभा. त्याने एकदा फाटकाकडे बघितलं आणि वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "काकूंची."

"मोठ्याने."

"काका, समजून घ्या ना. तो तिकडे उभा आहे."

"म्हणूनच मोठ्याने."

बाहेर स्कूटर सुरू झाली. कॉलेजवाल्याने हॉर्न दिला. कारकून पायरी उतरला आणि जाऊन मागे बसला.

त्यानंतर कोणी आलेलं नाही. कारकुनाची बदली झाली असं ऐकतो. कॉलेजवाला बाजारात दिसतो. मी दिसलो की त्याला पलीकडच्या दुकानात काहीतरी घ्यायचं असतं. बाकडं मी पडवीतून आत ओढलं. कॅसेटी मी कोणाला देणार नाही असं नाही. माझ्यामागे त्या भंगारात जातील, हे कळतं मला. पण जो मागायला येईल त्याला दारातच विचारीन, कोणाच्या. आणि उत्तर रस्त्यावरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.