खूण न पडलेली लस

आमच्या देवळी गावातल्या गल्लीतले शेजारचे काका सत्तरी ओलांडून बसलेत, आणि आजाऱ्याला पाहायला जाणं त्यांच्याकडून कधी चुकत नाही. कुणी खोकलं की संध्याकाळी हे पिशवीत संत्री घेऊन हजर. दारातूनच विचारपूस करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. खाटेवर टेकायचं, आजाऱ्याच्या तोंडाशी तोंड न्यायचं आणि मग बोलायचं.

मी दवाखान्यात नर्स आहे. गेल्या हिवाळ्यात मागे लागून लागून त्यांना फ्लूची लस दिली, तर दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन आले.

"बाई, तुमची सुई लागलीच नाई. ना ताप, ना सूज." मग बाही वर सरकवून लहानपणच्या देवीच्या लसीचा वण दाखवला, चांगला रुपयाएवढा. "लस याले म्हणतात."

ताप आला नाही म्हणजे लस फुकट गेली असं नसतं आणि या वयात लस घेऊनही जपावंच लागतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला. ते मात्र चहाच्या टपरीवर माझ्या पाणचट सुईची गोष्ट रंगवत राहिले.

परवा मलाच फ्लू झाला. "काका, आत येऊ नका," मी खाटेवरूनच ओरडले. ते आले, संत्री ठेवली आणि माझ्या उशाशी टेकले.

"अहो, तुम्हाला लागण होईल."

"काऊन होईन? तुमीच तं सुई देल्ली ना," ते शांतपणे म्हणाले. "का आता तुमालेच भरोसा नाई?"

भरोसा होता, पण त्यांच्या वयाला पुरेल इतका नव्हता. मी पदर तोंडावर दाबला आणि भिंतीकडे वळले.