कुंदाची कोरी काच

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे माझी बाजूही घेणार नाही.

मी स्वभावानेच संशयी. भाजीवालीने तराजू उचलला की पारड्याखाली काही चिकटवलंय का, ते वाकून बघणारी. ऐंशीच्या दशकात नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी कॅन्सरवर संशोधन करत होते, तेव्हा हा मला गुणच वाटायचा. संशोधकाने आधी संशय घ्यावा, असं आमचे सरच म्हणायचे. कोणावर घ्यावा, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

सरांनी परदेशातून बर्फाच्या थर्मासमध्ये एक मोनोक्लोनल अँटिबॉडी आणली होती. करंगळीएवढी कुपी. हे द्रव स्तनाच्या कॅन्सरची पेशी तेवढी ओळखून तिला चिकटायचं. वरून रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर ती पेशी तपकिरी दिसायची, बाकी सगळं फिकट निळं. कुपी एकच, आणि आपापल्या ठरल्या दिवशी ती वापरणाऱ्या आम्ही दोघी — मी आणि कुंदा.

कुंदा सावनेरची. रोज एसटीने यायची आणि तरी माझ्या आधी पोचायची. कशाला एवढ्या लवकर? डब्यातली तिळाची चटणी आधी मला वाढायची, तरी मला हे वाटायचंच. तिच्या काचांवर रंग खणखणीत यायचा, माझ्या मात्र मळकट. रुग्णांच्या काखेतल्या ज्या गाठींत डॉक्टरांना कॅन्सर दिसला नव्हता, त्यांतल्या काहींत तिला एखाद-दुसरी तपकिरी पेशी सापडली होती. हे खरं ठरलं असतं तर पीएच.डी. तिची, नाव तिचं. मला — बोलूनच टाकते — ते सहन होत नव्हतं.

त्यात कुपीतलं द्रव कमी दिसायला लागलं. दोघींपैकी कोणीही वापरलं की मी लेबलवर पातळीपाशी पेन्सिलीची नवी बारीक रेघ मारून ठेवायचे. तिचा दिवस नसतानाच पातळी रेघेखाली गेली आणि मनात पाल चुकचुकली. सकाळी लवकर येऊन ही माझ्या वाट्याचं वापरते. दुसरं काय असणार?

मी सापळा लावला. खरी अँटिबॉडी दुसऱ्या कुपीत काढून फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात दडवली आणि तिच्या जागी साध्या उंदराच्या रक्तातलं, कॅन्सरच्या पेशीला न चिकटणारं द्रव पातळ करून भरलं. दिसायला दोन्ही सारखीच. चोरून वापरलं तर काच कोरी राहील, चोरी उघडी पडेल. गुरुवार कुंदाचा हक्काचा दिवस. त्या सकाळी तिच्या आधी पोचून खरं परत भरायचं ठरवलं होतं. पण बुधवारी सर म्हणाले, उद्या कुंदाने माझ्यासमोर काचा रंगवायच्या, त्या गाठी मला स्वतः बघायच्या आहेत.

गुरुवारी मी लवकर गेले. फ्रीज उघडला — आणि बंद केला. विसरले म्हणायची सोय आहे, नाही का? विसरले नव्हते.

सगळ्या काचा कोऱ्या निघाल्या. पडताळणीसाठी ठेवलेली, हमखास रंग घेणारी कॅन्सरची काचसुद्धा. कुंदा पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकात बघत राहिली.

"सर, मी खरं सांगून राहिली," ती म्हणाली. "रंग आला होता."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला त्याच कुपीतून पडताळणीची काच रंगवायला सांगितली. तोवर मी खरं परत भरलं होतं. रंग आला. म्हणजे अँटिबॉडी ठीक, खोट कुंदात. आधीचे निकालही हिने मनानेच रचले असणार, असं सर तिच्या तोंडावर म्हणाले. मी कूलरमध्ये पाणी भरायचं निमित्त काढून बाहेर गेले. थोड्याच दिवसांत कुंदाने काम सोडलं आणि ते माझ्याकडे आलं.

मग मी एकटीच वापरत असताना पातळी पुन्हा रेघेखाली गेली. आता कोणावर संशय घेणार? कुपी उजेडात धरली. थेंब बुचाला आतून चिकटले होते. उन्हाळ्यात लाइट जायची, फ्रीज कोमट व्हायचा, पुन्हा गार व्हायचा, आणि थेंब वर जाऊन बसायचे. मी टिचकी मारली. पातळी रेघेवर आली.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. सर शेजारच्याच खोलीत होते. मी गेले नाही. कुंदाच्याच गाठींच्या काचा मी रंगवल्या, त्याच पेशी तपकिरी झाल्या आणि माझा प्रबंध पुरा झाला.

पुढे कधीतरी ती सीताबर्डीच्या बाजारात भेटली. सावनेरला शाळेत विज्ञान शिकवत होती. माझ्याबद्दल तिच्या मनात काही असेल म्हणून मी तिचा चेहरा निरखत होते — खोड जात नाही. काहीच नव्हतं. मुलांना प्रयोग दाखवताना आता सगळं दोनदा करून बघते, म्हणाली, कारण आपल्या डोळ्यांवर भरोसा उरला नाही. मग तिनेच विषय काढला.

"तुह्या काचांवर रंग आला म्हणे वं. मले माहीत होतं येईल. मंग माह्या हातून काय चुकलं असन?"

ती खरंच उत्तराची वाट पाहत होती. मी म्हटलं, "काचा धुताना पाणी जास्त झालं असेल तुझ्याकडून."

कुंदाने थोडा विचार केला. तिला ते पटलं.