सी हॉकची काच

लोणावळ्याची दमट हवा आणि माझा उतावळा स्वभाव, या दोघांनी मिळून माझी पुष्कळ विमानं खाल्ली. त्यांच्यासाठी मी रडत नाही. एकाच विमानासाठी रडतो, आणि ते माझ्या तळहातावर मावतं.

माझा दोस्त लोकलवरच्या कान्हे गावचा. रेल्वेत आम्ही अख्खी नोकरी एकाच खात्यात काढली. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात. आम्ही स्पेनच्या आरमारासाठी विमानं बांधायला लागलो. खेळण्याएवढी, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, आणि तीही स्पेनने कधीच न घेतलेली. बायको म्हणायची, "अहो, भारताच्या आरमाराने तुमचं काय घोडं मारलंय?" आता तिला काय सांगणार, कप्पाळ! खरं विमान केलं की कुणीतरी दीडशहाणा येऊन रंग चुकला म्हणतो. जे घडलंच नाही त्यात चुका कोण काढणार?

शेवटचं होतं सी हॉक. ही विमानं आपल्या नौदलात होती, स्पेनकडे कधीच नव्हती. आमच्या इतिहासात स्पेनने ती घेतली. जोडणी आणि रंग माझा. शेपटीवरची स्पेनची खूण, पांढऱ्यावर काळी फुली, आणि आतला पायलट दोस्ताचा. पायलटचं डोकं केवढं, तर ज्वारीच्या दाण्याएवढं. त्याला त्याने काळा रंग आणि झुपकेदार मिशा दिल्या.

"स्पेनचा माणूस एवढा काळा असतो का रे?" मी खेकसलो.

"मीच हाय त्यो," तो म्हणाला. "जल्मात इमानात बसलो न्हाई. हितं तरी बसू दे की."

पायलटवरची काच बसवायची ती दोघांनी मिळून, असा आमचा नेम होता. त्याने विमान धरायचं, मी पांढरा गोंद लावून काच ठेवायची. ती बसवायच्या आधीच त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा थोडीफार राहिली. दवाखान्यातून घरी आणला त्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, इमान इमान करत्यात. एकदा दावून जावा. डाक्टरांनी हात टेकलेत."

पांढरा गोंद आमच्या हवेत वाळायला दिवस घेतो, आणि मला दुपारची लोकल गाठायची होती. तिथेच दुर्बुद्धी सुचली. मी क्षणात चिकटणारा गोंद घेतला. त्याची वाफ काचेला आतून पांढरी करते, हे या छंदातलं शेंबडं पोरही सांगेल. मी स्वतः कितीजणांना ओरडून सांगितलंय! त्या दिवशी माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे. काच चिकटवली, विमान डबीत ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि स्टेशनकडे पळालो.

त्याच्या खाटेशी बसून डबी उघडली. काच दुधासारखी झाली होती. मी झाकण परत लावायला गेलो, पण त्याने डावा हात आधीच पुढे केला होता. विमान डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्याने काच पुसली. चादरीच्या टोकाने पुसली. पुन्हा पुसली.

"मी कुटं हाय?"

"आत आहेस रे. आतच आहेस."

"न्हाई दिसत."

ते बाहेरून पुसलं जाणार नाही, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी तो पुसत राहिला. मग थांबून म्हणाला, "काच... मला सोडून बसिवलीस?"

लाज लपवायला मी घाईघाईने म्हणालो, "आण इकडे, काच कापून काढतो, परवा घेऊन येतो." त्याची बोटं विमानावर घट्ट होती. मी ती एकेक करून सोडवली.

परवाच्या आत तो गेला. विमान माझ्या कपाटात आहे, काच तशीच आहे. पांढरी तर पांढरी, विमान त्याच्या हातात राहू द्यायचं होतं मी.