मुळगाव ते पेडणे, व्हाया मागचे दार

गोव्यात राहून गोव्यातच सुट्टीला जाणाऱ्या माणसाला आमच्या मुळगावात कोणी धड वागवत नाही. "पेडण्याक? हॉटेलांत? कित्याक गो, घर गळता काय?" असे आईच्या शेजारणीने विचारले, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरे कारण सांगितले असते तर बाबा चिडले असते.

बाबांना सत्तरावे लागले. दर वाढदिवसाला "काय नाका" म्हणणारा हा माणूस यंदा म्हणाला, "त्या भाटकाराच्या घराचें हॉटेल जालां म्हणटात. माका एकदां फुडल्या दारान भितर वचून त्या घराची साल पळोवची आसा."

साल म्हणजे दिवाणखाना, आणि भाटकार म्हणजे जमीनदार. बाबांचे वडील त्या घराचे मुंडकार होते, म्हणजे भाटकाराच्याच जमिनीत खोप बांधून राहणारे आणि त्याच्याच बागायतीत राबणारे. पुढे आजोबांना खाणीवर काम मिळाले आणि बिऱ्हाड मुळगावला आले, तेव्हा बाबा दहा वर्षांचे होते. त्या दहा वर्षांत ते भाटकाराकडे शेकडो वेळा गेले असतील, पण मागच्या दाराने, आणि तेही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथून पुढे मुंडकाराच्या पोराला मज्जाव. साठ वर्षे मनात धरून ठेवलेली ही एवढीशी गोष्ट त्यांनी आम्हाला पहिल्यांदाच सांगितली, आणि मला भरून आले. मी त्याच रात्रीचे नाही, पण त्याच आठवड्याचे बुकिंग केले. भाडे एका रात्रीचे चौदा हजार, दोन खोल्या. बाबांना आम्ही दोन हजार सांगितले, तरी ते थिवीपर्यंत कुरकुरत होते.

निघायच्या दिवशी सकाळी मी आणि माझा नवरा नितीन डिचोलीहून गाडी घेऊन मुळगावला पोचलो, तर अंगणात केळ्यांचा एक अख्खा घड, तांबड्या भाजीच्या चार जुड्या आणि आईने केलेल्या नेवऱ्यांचा स्टीलचा डबा.

"आई, ते हॉटेल आहे."

"हॉटेल जालें म्हणून काय जालें? कोणाचें तरी घरच मगो तें. रिते हात हालयत वचपाचें?"

घड डिकीत मावेना. शेवटी तो मागच्या सीटवर आई-बाबांच्या मधोमध बसला आणि नितीनने त्याला बेल्ट लावला.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी: मुळगावहून अस्नोडे, थिवी, कोलवाळचा पूल आणि मग हायवेने धारगळ, थांबत थांबत तासाभराचा रस्ता. अस्नोड्याला पातळभाजी आणि गरम उंडो, म्हणजे आमचा कडक गोल पाव, खाऊन घ्या, कारण हॉटेलात तसा उंडो मिळत नाही. हायवे सोडून आत वळल्यावर मोबाइलमधली बाई तुम्हाला एका काजूच्या बागेत नेऊन "आपण पोहोचला आहात" म्हणते. तिच्यावर विश्वास ठेवू नका, माणसांना विचारा.

घर मात्र डोळे दिपवणारे आहे. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, लालचुटूक कौले आणि पुढच्या दाराकडे चढत जाणाऱ्या नऊ रुंद पायऱ्या. मी मोबाइल काढला. बाबा पायऱ्या चढतानाचा फोटो मला हवा होता. वळून पाहते तर बाबा नाहीत, आई नाही आणि घडही नाही.

शोधत शोधत घराला वळसा घातला. साठ वर्षांनी त्या आवारात पाऊल टाकले आणि बाबांचे पाय आपले आपण मागच्या दाराकडे गेले होते! तिथला कोठीवाला बाबांना झापत होता, "केळीं कोणें मागयलीं? उद्यां हाड."

"उद्यां आमी परत वतलों," बाबा अदबीने म्हणाले.

हे इथे उतरायला आलेले पाहुणे आहेत, असे मी सांगितल्यावर कोठीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. मॅनेजर धावत आले. लखनौकडचे, कोटातले, घामाघूम. "सर, वी आर सो सॉरी! आपको सबसे महंगे स्वीट में अपग्रेड करते हैं. यहीं से आइए, पास पडेगा." आणि त्यांनी बाबांच्या दंडाला धरून मागच्याच दाराने आत नेले. मी "पुढून, पुढून" म्हणत राहिले, पण घड उचललेले दोन वेटर मध्ये आले.

सबसे महंगा स्वीट म्हणजे जुने स्वयंपाकघर.

थट्टा करत नाही. चूल तशीच ठेवली आहे, आत लाकडांच्या जागी पिवळा दिवा. रगड्यावर काच टाकून त्याचे टेबल केले आहे. मधोमध राजाराणीचा पलंग. बाबा उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले.

"सर, ये ओरिजिनल किचन है," मॅनेजर अभिमानाने म्हणाले. "पुराने जमाने में काम करने वाले लोग ठीक इसी दरवाजे पर खडे रहते थे. जहाँ आप खडे हैं!"

"हांव जाणां," बाबा म्हणाले.

दिवाणखाना कुठे, मी विचारले. तो बंद होता. पुण्याच्या एका जोडप्याने लग्नाआधीचे फोटो काढायला उद्या दुपारी दोनपर्यंत घेतला होता. आम्हाला खोली अकराला सोडायची होती. मी मॅनेजरांशी चांगला अर्धा तास हुज्जत घातली. बदल्यात त्यांनी फुकट पाय चेपून द्यायची तयारी दाखवली.

दुपारी जेवायला खास पदार्थ होता, 'मुंडकार थाळी'. साडेनऊशे रुपये. मातीच्या वाडग्यात उकड्या तांदळाची पेज, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची किसमूर आणि एक तोर, म्हणजे मिठात मुरलेली कैरी. बसायला चटई. चेहऱ्यावर पुण्यकर्म करत असल्याचा भाव आणून वेटरने बाबांना पेज कशी प्यायची ते शिकवले. "पहले सूंघिए सर. फिर आवाज करके पीजिए, यही ट्रेडिशन है." बाबांनी दोन्ही गोष्टी मन लावून केल्या आणि विचारले, "ही खावन मागीर माड शिंपूंक वचचें पडटा?" मुंडकारांना पेज पाजून माडांना पाणी घालायला पिटाळत, हे वेटरला काय कळणार! आई तोंडाला पदर लावून पाच मिनिटे हसत होती.

पण संध्याकाळी बाबा रांदचीकुडीच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, म्हणजे त्यांच्याच खोलीच्या पायरीवर बाहेर बसले होते. मी शेजारी बसले. "जावंदी गो बाय," ते म्हणाले. "नशिबांत रांदचीकूडच आसा. ह्या खेपे पलंग तरी मेळ्ळो." विनोद होता, पण मला हसू आले नाही. स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात रिसेप्शनवरची सायली आली. पेडण्यातल्याच चोपडे गावची मुलगी, विशीतली, हातात आईचा डबा. बाहेरचे खाणे खोलीत चालत नाही म्हणून तो दुपारी जप्त होऊन स्वयंपाक्यांकडे गेला होता. नेवऱ्या अर्थातच उरल्या नव्हत्या. डबा घासूनपुसून लख्ख केला होता, पण सायली तो देईना.

"मावशे, रितो डबो कसो परत दिवचो? घरांत कळ्ळें जाल्यार आवय मारतली. आणि हांगाचें कितेंय घालूंक गेल्यार मॅनेजर मारतलो."

आमच्याकडे ही रीतच आहे. भरून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, निदान चार दाणे साखर तरी घालायची. सायली बिचारी खरोखर पेचात होती. आईने डबा हातात घेतला, झाकण उघडून आत पाहिले आणि म्हणाली, "आमच्या ह्यांकां एकदां साल दाखय. डबो भरलो म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, मॅनेजर उठायच्या आत, सायलीने आम्हाला अंगणात बोलावले. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. नऊच्या नऊ पायऱ्या ते एकेक करून चढले आणि पुढच्या दाराने आत गेले. माझ्या डोळ्यांत पाणी, त्यामुळे फोटो हलला आहे.

दिवाणखान्यात झुंबर, मोठाले आरसे आणि भिंतीलगत कोरीव खुर्च्या. बाबा मधल्या खुर्चीवर टेकले, हातांवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. आणि फोटोच निघाला. पुण्याची मंडळी कोवळे ऊन धरायला पहाटेच येऊन बसली होती.

"आजोबा, हलू नका!" फोटोग्राफर ओरडला. "या घराचे मालक ना तुम्ही?"

बाबांनी तोंड उघडले. त्यांच्या आधी मागून आईचा आवाज आला, "होय तर!"

उभ्या जन्मात आईला मी खोटे बोलताना ऐकलेले नाही. पण त्या सकाळी ती भाटकारीण होऊन शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. नवरा-नवरी पाया पडली. बाबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना "बरें जावं" म्हटले. मग पुन्हा एकदा, कारण ऊन गेले होते. मग झुंबरासकट. नवरीच्या आईने त्यांना पोर्तुगिजांबद्दल विचारले, तर बाबा म्हणाले, "गेले ते." इतक्यात मॅनेजर आले, त्यांनी ते दृश्य पाहिले, आणि दोन पार्ट्यांचे पाहुणे एकदम दुखवायचे नाहीत म्हणून तेही पाया पडले.

परतताना कोलवाळच्या पुलावर मी विचारले, "मग? कशी वाटली साल?"

"ल्हानशीच आसा," बाबा म्हणाले. "खुर्ची टोंचता." मग मुळगावपर्यंत ते शीळ घालत होते.

जावे का? माझे मत, एकदा जरूर जा. स्वयंपाकघर मागू नका, पेज घरी करा. हॉटेलच्या पानावर आता बाबांचा फोटो आहे आणि खाली 'या वास्तूचे आदरणीय वारसदार' असे लिहिले आहे. कळवून दुरुस्त करून घेऊ का, असे मी विचारले, तर आईने माझ्याकडे असे पाहिले की मी विषय सोडला.

आणि इतके करून डबा तिथेच राहिला.

आठ दिवसांनी, रविवारी, मी आणि नितीन मुळगावला असताना सायली स्कूटरवरून आली. सुट्टीच्या दिवशी, चोपड्याहून इतक्या लांब, डबा घेऊन. आत नदीतल्या ताज्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले होते. स्कूटर लावून ती सरळ घराला वळसा घालून मागे गेली, कारण आमच्याकडे ओळखीची माणसे मागच्या दारानेच येतात. बाबा तिथे नारळ सोलत होते. ते उठले, हात पुसले.

"बाय, हांगासून न्हय. फुडल्या दारान यो."

तिला घेऊन ते सगळ्या घराला वळसा घालून पुढे आले. पुढचे दार उघडले, खुर्चीवरची वर्तमानपत्रे आणि नितीनचे हेल्मेट उचलले, तिला बसवले, पंखा लावला. आमची बाहेरची खोली दहा बाय बाराची, कोपऱ्यात फ्रिज, दारामागे छत्र्या. मग ते आत गेले आणि आईला म्हणाले,

"च्या कर गो. सालांत सोयरीं आयल्यांत."