मेंढरांच्या मागे निघालेली शाळा

तुमच्या गावच्या शाळेत मेंढपाळाची मुलगी कधी बसलीय का?

हैदराबादच्या विद्यापीठातून मी सुट्टीत आमच्या गावी, चारठाण्याला आलो होतो. लेंडीखतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवायला आलेला मेंढपाळ वडिलांना म्हणाला, "मालक, खताच्या बदल्यात धान्य नको. आमी हितं हाय तवर पोरीला शाळंत बसू द्या." वडिलांनी मास्तरांना गाठलं, पोरगी पहिलीत बसली. पण कळप हलला की शाळा सुटणार होती.

काठीवर हनुवटी टेकून त्यानं मला विचारलं, "तुमच्या मोठ्या शाळंत लेकरं तिथंच ऱ्हातेत?"

मी वसतिगृह, वाचनालय, समतेवरचे आमचे कडाक्याचे वाद, सगळं सांगितलं.

तो खुलून हसला. "मंग लय ब्येस! मोठी झाली की तिथं धाडतो. मेंढरं हिंडतील, पोरगी न्हाई."

आता कळप अन् पोरीला घेऊन तो येलदरी धरणाकडं गेलाय. तुमच्या रानात उतरला, तर पोरीला आधी शाळेत बसवा.