देवाच्या माथी मारलेला पूल

नव्या पुस्तकाचा वास मला एरवी आवडतो. परवापासून मात्र टेबलावरच्या या जाडजूड कादंबरीला ओल्या सिमेंटचा वास येतोय असं वाटत राहतं आणि मन थेट भांडुपला, आमच्या नाल्याकाठी जाऊन उभं राहतं. मुखपृष्ठावर मोडलेला पूल, वर पिवळाधमक चंद्र. आमचा पूल सकाळी पडला, चांगलं ऊन असताना. पण उन्हात पडलेला पूल खपत नसावा.

कादंबरी दोन काळांत फिरते. आजच्या काळात परदेशातून आलेली एक देखणी संशोधिका आहे. नाल्याकडे बघून सुस्कारे सोडणं एवढंच तिचं संशोधन. मागच्या काळात तो पूल आहे आणि त्याला शाप देणारी, केस मोकळे सोडलेली एक बाई. ती बाई म्हणजे माझी काकी.

काकीने केस मोकळे सोडले असतील ते फक्त न्हाल्यावर. गिरणी बंद पडून काका घरी बसले, तेव्हा तिने जेवणाचे डबे करून पोचवायला सुरुवात केली. टेकडीवरच्या आमच्या वस्तीतून स्टेशनकडे यायचं तर नाल्याला लांबलचक वळसा पडे. त्यामुळे पूल झाल्याचा सगळ्यात मोठा आनंद तिलाच. उद्घाटनाला नेते आले, फीत कापली, भाषणं ठोकली. पण कोकणातल्या माणसांचं नुसत्या फितीवर थोडंच भागतं? गाऱ्हाणं हवं. म्हणजे एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी त्याला होकार भरायचा. हे काम खरं तर पुरुषांचं, पण आमचे पुरुष नेत्यांपुढे मिठाची गुळणी धरून उभे. शेवटी काकीच नारळ घेऊन पुढे झाली.

“बा देवा म्हाराजा! ह्यो जो नवो पूल बांधलो हा, तेका संबाळ. तेच्यावरसून जातली-येतली लेकरां सुखरूप ठेव!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही ओरडलो. कंत्राटदार आणि पुलाचे इंजिनियरसाहेब, दोघांनीही हात जोडले आणि हसत हसत म्हणाले, “व्हय महाराजा!” सिमेंटमध्ये काय कालवलंय हे त्यांना ठाऊक होतं. तरी म्हणाले. माझ्या सगळ्या संतापाचं मूळ त्या हसण्यात आहे.

पूल पडला तेव्हा काकी डबे घेऊन त्याच्यावर होती. पडलेले तुकडे नुसत्या बोटांनी चुरत होते. सगळ्या वस्तीने ते चुरून पाहिले. चौकशीवाल्यांनी मात्र ‘दैवी आपत्ती’ हा शब्द शोधून काढला. किती सोयीचा! देव काही उलटतपासणीला येत नाही. आणि आता लेखकमहाशयांनी त्याच शब्दावर आपला इमला उभारलाय. बाईने शाप दिला, देव कोपला, पूल कोसळला. कंत्राटदार अख्ख्या कादंबरीत कुठे सापडत नाही. स्वतःच्या मरणाचा दोष तेवढा काकीच्या पदरात पडला.

प्रकाशन पार्ल्यात झालं. दिवा लावायला ‘दुर्घटनाग्रस्त कुटुंबातल्या’ म्हणून काकीच्या मुलीला बोलावलं होतं. पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसून तिने पुस्तक चाळलं आणि शापाच्या पानावर थांबली.

“ही आई काय गं?”

“हो.”

“वाट लावली ना तिची.”

चार शब्द बोला म्हटल्यावर ती माइकपुढे गेली, हात जोडले, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! जेणी सिमेटात रेती भरली, तेंका तू सोडलंस. पण तेंचा पाप माझ्या आवशीच्या माथ्यार घालू नको!”

होकार भरायचा कोणी? पार्लेकर एकमेकांकडे बघत बसले. मी एकटीच म्हणाले, “व्हय म्हाराजा.” आवाज फाटला माझा, आणि मग रडूच आलं.

लेखकमहाशय टाळ्या वाजवत उठले. “झकास! अस्सल लोककला. ताई, दुसऱ्या आवृत्तीत घेऊ का हे?”

“घ्या की,” बहीण म्हणाली. “पण आधी होकार भरा.”

त्यांनी हात जोडले आणि हसत हसत म्हणाले, “व्हय महाराजा!”

नाल्यावर आता दुसरा पूल आहे, त्याला रंगीत दिवेही लावलेत. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं गेली, काकीला ओळखणारे थोडेच उरले. ते हसणं मात्र मी लगेच ओळखलं. इतक्या वर्षांत त्याला कुठे तडासुद्धा गेलेला नाही.